औषध कपाटापासून रुग्णापर्यंत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यविषयक व्याख्यानमालेत डॉक्टर मंडळींच्या नावांशेजारी एका कापड व्यापाऱ्याचे नाव पाहून अनेकांना आश्चर्य वाटले असेल. माझे शिक्षण वाणिज्य शाखेच्या पदवीपर्यंतच झाले आणि त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे ताका, मीटर आणि खतावणी यांच्या सहवासात गेली. शरीरशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही, आणि मी त्यावर बोलणारही नाही. परंतु गिरणीत उत्तम कापड विणले गेले म्हणजे ते गावातल्या माणसाच्या अंगावर चढले असे होत नाही, एवढे मात्र मी या व्यवसायात शिकलो. घाऊक व्यापारी, दलाल, वाहतूक, किरकोळ दुकान, उधारी अशा अनेक पायऱ्या मध्ये असतात आणि त्यांपैकी एक जरी निखळली तरी गोदामात माल असूनही माणूस उघडाच राहतो. औषधोपचाराचेही असेच आहे. नव्या औषधाचा शोध लागला की वर्तमानपत्रात ठळक बातमी येते. मात्र असलेले औषध गरजूपर्यंत वेळेवर, योग्य मात्रेत आणि शेवटपर्यंत कसे पोहोचवावे, याचेही शास्त्रशुद्ध संशोधन होते, त्यासाठी माणसांनी आयुष्ये वेचली आहेत आणि त्यातले काही सर्वोत्तम काम आपल्या देशात, आपल्या महाराष्ट्रात झाले आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. आज तेच सांगण्याचा माझा मानस आहे.

यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून आपल्या दवाखान्यासाठी नवी इमारत बांधावी आणि तपासणीचे एक मोठे यंत्र घ्यावे, असा प्रस्ताव सभेपुढे आहे. दात्यांची भावना निर्मळ आहे, याविषयी माझ्या मनात किंचितही शंका नाही. निर्णय घेण्यापूर्वी पुढील काही हकिकती सभेने ऐकाव्यात, एवढीच विनंती.

येथे बसलेल्या ज्येष्ठांना 'सॅनेटोरियम' हा शब्द चांगला आठवत असेल. क्षयरोग झाला की मिरज, पाचगणी अशा ठिकाणी मोकळ्या हवेत, पूर्ण विश्रांतीत, सकस आहारावर महिनोन् महिने राहायचे, हीच उपचाराची रीत होती. प्रभावी गोळ्या निघाल्या तरी ती रीत कायम होती. देशात रुग्ण लक्षावधी आणि खाटा काही हजार, त्यामुळे आणखी सॅनेटोरियम बांधावीत, त्यासाठी देणग्या गोळा कराव्यात, असाच सर्वांचा विचार होता. १९५६ साली मद्रास येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना, मद्रास सरकार आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राने एक साधा प्रश्न विचारला : तीच औषधे घरी राहून घेतली तर काय बिघडते? शहरातल्या गरीब वस्तीतील रुग्णांचे दोन गट पाडले गेले. एक गट सॅनेटोरियममध्ये राहिला आणि दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरातच राहून केंद्रावरून औषध नेऊ लागला. वर्षअखेरीस सॅनेटोरियममधील ९२ टक्के आणि घरच्या गटातील ८६ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात आला होता. घरच्या रुग्णांना ना तसा आहार होता, ना तशी विश्रांती. त्यांच्या कुटुंबीयांना रोगाची लागण अधिक झाली असेही आढळले नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे जगभर सॅनेटोरियमची प्रथा मागे पडली, त्यात या अभ्यासाचा वाटा फार मोठा आहे. एका प्रश्नाने किती इमारतींचा खर्च वाचला असेल आणि त्या पैशात किती गोळ्या आल्या असतील, याचा हिशेब आपण व्यापारी मंडळींनी मनातल्या मनात करून पाहावा.

आता आपल्या राज्याकडे येतो. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. परंतु त्यांनी नेमके काय केले, असे विचारले तर 'आदिवासींची सेवा' या दोन शब्दांपलीकडे फारसे उत्तर मिळत नाही. सेवा तर त्यांनी केलीच. तथापि त्या सेवेला त्यांनी जमाखर्चाची जी शिस्त लावली, ती मला अधिक मोलाची वाटते.

१९८६ साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. प्रारंभी त्यांनी बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न हाती घेतला. मुलाला न्यूमोनिया झाला आहे की साधा खोकला, हे श्वासाच्या वेगावरून ओळखता येते. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक, आणि त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा त्याहून अधिक असेल, तर तो धोका समजावा. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर काय करायचे? त्यांनी एक साधे उपकरण बनविले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा मणी सरकला तर बाळाला औषध द्यायचे. मला हे वाचून आमचे जुने हमाल आठवले. गाठी मोजताना ते दर दहा गाठींमागे एक खडा बाजूला ठेवीत, आणि त्यांचा हिशेब मुनिमाच्या वहीशी तंतोतंत जुळे. अक्षरशत्रू म्हणजे बुद्धिशत्रू नव्हे.

पुढचा प्रश्न नवजात बालकांचा. त्यांच्या पथकाने ३९ गावांत वर्षभरात जन्मलेल्या ७६३ बाळांचे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत बारकाईने निरीक्षण केले. शंभरातील ५४ बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज होती आणि प्रत्यक्षात डॉक्टरने पाहिलेली बाळे शंभरात तीनसुद्धा नव्हती. रुग्णालयात दाखल झालेली तर दोनशेत एखादे. या आकड्यांपाशी थोडे थांबावेसे वाटते. ती बाळे कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत नव्हती. रुग्णालयाच्या दृष्टीने पाहिले तर तेथे गर्दी नाही, तक्रार नाही, सर्व ठीक आहे. जो आलाच नाही त्याची गणना आलेल्यांच्या वहीतून कशी होणार?

बाळ रुग्णालयापर्यंत येत नाही, तर उपचारच बाळापर्यंत न्यावा, असे त्यांनी ठरविले. गावातलीच पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली स्त्री निवडून तिला 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहायचे, बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, श्वास मोजायचा, बाळाला उबदार ठेवायचे, आईला दूध पाजण्याविषयी समजवायचे, ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा घरी जायचे आणि जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणे दिसली तर आईबापांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यायचे. अल्पशिक्षित बाईच्या हाती सुई द्यावी का, ही शंका त्या काळी अनेक तज्ज्ञांना वाटली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. शंकेचे उत्तर वादविवादाने न देता मोजणीने दिले गेले, हे महत्त्वाचे. ३९ गावांत ही पद्धत राबविली आणि शेजारच्या ४७ गावांत ती न राबविता केवळ जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली. नोंदलेले घरोघर जाऊन पुन्हा पडताळले जाई. ३९ गावांत आरंभी हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९७-९८ मध्ये हे प्रमाण २५.५ वर आले. शेजारच्या ४७ गावांत मात्र ते साठच्या आसपासच राहिले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात सोळा-सतरा दगावत, तेथे हे प्रमाण तीनच्याही खाली गेले. एका बाळामागे खर्च आला सुमारे सव्वापाच डॉलर. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

हीच रीत महाराष्ट्रात इतर सात ठिकाणी अन्य संस्थांच्या हातून राबवून पाहण्यात आली, आणि २०११ मध्ये केंद्र शासनाने ती 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. आज खेड्यात बाळ जन्मले की आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा घरी जातात, त्याचे मूळ गडचिरोलीच्या त्या ३९ गावांत आहे. (त्या साऱ्या फेऱ्यांसाठी मानधन ठरले २५० रुपये. आमच्याकडे एका साडीला फॉल-पिको करून देण्याचा दर आठवला की हा आकडा मला बोचतो.) २०२० च्या नमुना नोंदणीनुसार देशात हजारामागे २० आणि महाराष्ट्रात ११ नवजात बालके दगावली. ही घट केवळ एका कार्यक्रमाने झाली असे नाही. रस्ते, शिक्षण, रुग्णालयातील बाळंतपणे या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. पण वाटा आहे, आणि तो मोजून सिद्ध झालेला आहे.

आपल्या परिचयाच्या विषयाकडे वळू. नेत्रशिबिर हे आपल्या समाजाचे आवडते कार्य. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये, सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर, अकरा खाटांचे 'अरविंद' नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या या शल्यचिकित्सकाने उभारलेली संस्था पुढे जगातील अग्रगण्य नेत्रसंस्थांत गणली गेली. त्यांच्या शिबिरांची ख्याती एवढी, की गावोगावच्या दृष्टिहीनांपर्यंत ती पोहोचली असे कोणीही मानावे. परंतु या संस्थेने आपल्याच शिबिरांची परीक्षा घेण्यास संशोधकांना साहाय्य केले. शिबिरात आलेल्यांना न विचारता त्यांनी गावात जाऊन, डोळ्यांचा विकार असलेल्या किती जणांनी शिबिर गाठले, हे पाहिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर होते : शंभरात सुमारे सात.

बाकीचे का आले नाहीत? उपचार तर विनामूल्य होते. कोणाजवळ प्रवासाला पैसे नव्हते, कोणाला सोबत नव्हती, कोणाच्या मागे घरचे काम होते, कोणाला शस्त्रक्रियेची भीती होती, आणि कित्येक वृद्धांचे म्हणणे असे की आता या वयात डोळे घेऊन करायचे काय, चालले आहे तसे चालू द्या. त्याआधी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात वेगवेगळ्या गावांत वेगवेगळे उपाय योजून पाहिले होते. केवळ शस्त्रक्रिया विनामूल्य ठेवण्यापेक्षा जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्चही उचलला तर अधिक लोक येतात, असे त्यातून दिसले. आपल्या शिबिराच्या अहवालात 'इतक्या रुग्णांनी लाभ घेतला' हे वाक्य दरवर्षी असते. परिसरातील किती जणांना लाभ घेता आला नाही, हे वाक्य मी कोणत्याही संस्थेच्या अहवालात वाचलेले नाही.

आता शस्त्रक्रियागृहातील एक प्रयोग थोडक्यात सांगतो, कारण त्याचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने एकोणीस बाबींची पडताळणी सूची तयार केली. (गावंडे कुटुंब मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील, उमरखेड परिसरातले.) रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची जागा तीच ना, प्रतिजैविक वेळेवर दिले ना, शेवटी सुया आणि कापसाचे बोळे मोजून जुळले ना, अशा त्या बाबी. २००७-०८ मध्ये दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही सूची वापरली गेली. सूचीपूर्वी ३,७३३ आणि नंतर ३,९५५ रुग्णांची नोंद झाली. मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर, तर गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. कागदाचा एक तुकडा, त्याची किंमत ती काय!

पण पुढे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ही सूची १०१ रुग्णालयांत लागू झाली, तेव्हा मृत्यूंत दखल घेण्याजोगी घट दिसली नाही. २०१४ मध्ये तसा अहवाल प्रसिद्ध झाला. आणि आपल्या उत्तर प्रदेशात, २४ जिल्ह्यांतील १२० आरोग्य केंद्रांत, बाळंतपणासाठीच्या अशाच एका सूचीचा प्रयोग झाला. सुमारे १ लाख ५७ हजार बाळंतपणे त्यात मोजली गेली. केवळ सूची न देता प्रशिक्षकही पाठविण्यात आले. प्रशिक्षक येत होते तोवर परिचारिका शंभरातील ७३ कृती नीट करीत होत्या, तर इतर केंद्रांत हे प्रमाण ४२ होते. प्रशिक्षकांच्या फेऱ्या थांबल्यानंतर ७३ चे ६२ झाले. आणि माता-बालकांच्या मृत्यूंत? फरक पडला नाही. २०१७ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माझ्या अल्पमतीप्रमाणे, सूची हात धुण्याची आठवण देऊ शकते; परंतु जेथे रक्त नाही, शस्त्रक्रियेची सोय नाही, अडलेल्या बाळंतिणीला पुढे नेण्यास वाहन नाही, तेथे ती ते आणून देऊ शकत नाही. गडचिरोलीत आजार ओळखणारीच्या हातीच उपचारही होता. या संशोधकांविषयी मला विशेष आदर वाटतो, कारण त्यांनी तोट्याचे वर्षही वहीत स्वच्छ अक्षरांत लिहिले. बाजारात किती जण तसे लिहितात, हे आपण जाणतोच.

यंत्रांविषयीही एक आकडा सभेपुढे ठेवतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सोळा अल्पसाधन देशांतील १ लाख १२ हजार वैद्यकीय उपकरणांचा धांडोळा घेतला गेला. त्यांपैकी सुमारे ३८ टक्के बंद अवस्थेत होती. प्रशिक्षित माणूस नाही, दुरुस्ती नाही, सुटा भाग नाही. देणगीची फलके मात्र शाबूत असावीत!

आमच्या दुकानात ताके दाखविणारे एक जुने सहकारी होते. रक्तदाबासाठी ते दवाखान्यातून दरमहा गोळ्या आणत. चार महिने आणल्या, बरे वाटू लागले, थांबविल्या. नवव्या महिन्यात पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. ज्या हाताने त्यांनी तीस वर्षे कापड उलगडले, तो हात. गोळ्या कपाटात होत्या, डॉक्टर खुर्चीवर होते, केसपेपरवर चार महिन्यांच्या नोंदीही सुवाच्य होत्या. पाचव्या महिन्यात ते आले नाहीत, हे पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच नव्हते. दवाखान्याची पद्धतच तशी, आणि बहुतेक दवाखान्यांची अशीच आहे. एखाद्या व्यक्तीकडे बोट दाखविण्यासारखे त्यात काही नाही. परंतु आमच्याकडे उधारीचे गिऱ्हाईक दोन महिने फिरकले नाही, तर मुनीम तिसऱ्या महिन्यात निरोप धाडतो. दोनशे रुपयांच्या बाकीसाठी ही दक्षता असते.

म्हणून माझी सूचना अशी. इमारत आणि यंत्र यांचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलावा; निधी बँकेत व्याज मिळवील, बिघडणार काही नाही. या वर्षात आपल्या दवाखान्यातील रक्तदाब आणि मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड करावे. बारा कप्प्यांची एक लाकडी पेटी घ्यावी, प्रत्येक महिन्याला एक कप्पा. रुग्ण औषध घेऊन गेला की त्याचे कार्ड पुढील महिन्याच्या कप्प्यात टाकावे. महिनाअखेरीस त्या महिन्याच्या कप्प्यात जी कार्डे शिल्लक उरतील, ते न आलेले रुग्ण. त्यांना दूरध्वनी करण्यासाठी आणि आवश्यक तेथे घरी जाण्यासाठी वस्तीतल्याच एका भगिनीची, योग्य वेतनावर, नेमणूक करावी. न येण्याचे कारण तिने रुग्णाच्या शब्दांत लिहून आणावे. वर्ष संपल्यावर चार आकडे काढावेत : किती रुग्ण नोंदले, किती वर्षभर टिकले, किती जणांचा रक्तदाब व साखर आटोक्यात आली, आणि उरलेल्यांचे काय झाले. हे आकडे वार्षिक अहवालात उत्पन्न-खर्चाच्या पत्रकाशेजारीच छापावेत, चांगले असोत वा नसोत. महानगरपालिकेच्या केंद्रातील डॉक्टरांना किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाला ते तपासण्याची विनंती करावी. आपला हिशेब आपणच तपासला, तर त्याला लेखापरीक्षण म्हणत नाहीत.

कदाचित वर्षअखेरीस असे दिसेल की आपल्याला खरोखर यंत्राचीच निकड आहे. तसे दिसल्यास पहिली देणगी माझी राहील. कदाचित असे दिसेल की दवाखाना सकाळी दहाला उघडतो आणि मजुरीला जाणारा माणूस आठला घर सोडतो, एवढेच कारण आहे; मग वेळ बदलण्यास एक रुपयाही लागणार नाही.

पेटी, कार्डे, दूरध्वनी आणि एका भगिनीचे वर्षाचे वेतन यांचे अंदाजपत्रक मी लेखी स्वरूपात कार्यवाहांकडे दिलेले आहे. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत इमारतीच्या प्रस्तावाआधी ते चर्चेस घ्यावे, अशी अध्यक्ष महोदयांना विनंती आहे.